भोगीच्या आदल्या दिवशी भरलेला आमच्या शाळेचा बाजार

आमच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेनं रविवारी 12 जानेवारी 2025 ला निधीसाठी बाजार भरवला होता. तेव्हापासून आजूबाजूच्या गावातल्या बऱ्याच जणी विचारतायत की हे नक्की जमवलं कसं, पैसे कुणाकडं ठेवले, शिक्षकांवर काही आलं का, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढते. मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे, पालक म्हणून. तेव्हा माझी मुलगी चौथीत होती आणि मुलगा दुसरीत. गाव जुन्नर तालुक्यातलं, चारी बाजूनी ऊस, कांदा आणि टोमॅटो, घरटी एकतरी माणूस चाकणच्या कंपनीत नाहीतर मुंबईला डब्याच्या धंद्यात.

शाळेचा पट 58, पहिली ते चौथी, आणि शिक्षक दोन. साठपर्यंत पट असला की नियमानं दोनच शिक्षक मिळतात, त्यामुळं मोठ्या बाई दोन वर्ग सांभाळतात आणि सर दोन. आमच्याएवढ्या पटाच्या शाळेला संयुक्त शाळा अनुदान म्हणून वर्षाला 25,000 रुपये मंजूर असतात, त्यातले दहा टक्के स्वच्छतेवरच खर्च करावे लागतात, बाकीच्यात खडू, रजिस्टर, नळाची दुरुस्ती, लाइटबिल सगळं बसवायचं. माजी विद्यार्थ्यांनी मोठा टीव्ही दिलेला आहे, त्यावर धडे दिसतात, पोरं जीव लावून बघतात. पण दुपारी लाइट गेली की टीव्ही बंद, पंखे बंद, आणि दोन वर्ग एका खोलीत बसलेले असताना त्या टीव्हीचा खरा उपयोग असतो, कारण एका वर्गाला तो लावून दिला की बाईंना दुसऱ्या वर्गाकडं बघता येतं. म्हणून सोलर बसवायचं ठरलं. एक किलोवॅटचं पॅनल, इन्व्हर्टर आणि बॅटरी, असं सगळं धरून कोटेशन 90,000 च्या घरात आलं.

दिवाळीनंतरच्या मीटिंगला हा विषय निघाला तेव्हा पहिला प्रश्न आला तो असा की सरकारनं द्यायचं ते आपण का द्यायचं. विचारणारा माणूस काही शाळेच्या विरोधात नव्हता, त्याची स्वतःची दोन पोरं शाळेत आहेत. मला त्याचं म्हणणं पटतं आणि मी ते मीटिंगमध्ये बोलले पण. सरकारनं दिलंच पाहिजे, म्हणून आम्ही आधी सोलरच्या मागणीचा ठराव करून पंचायत समितीकडं पाठवला आणि त्याची पोच फाइलला लावली. पण पोरगं चौथीतून पाचवीत जायला काही थांबत नाही. शिवाय 2023 मध्ये वीसच्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायची चर्चा झाली होती, ती सगळ्यांच्या डोक्यात होती. आमचा पट वीसच्या बराच वर आहे, पण सकाळी पिवळी बस येऊन इंग्लिश मिडियमला पोरं घेऊन जाते ती दरवर्षी दोन-चार जास्तच नेते. शाळा चांगली दिसली, चांगली चालली, तरच पालक थांबतात हे आम्हाला कळून चुकलेलं आहे.

वर्गणी काढा, घरटी पाचशे, असं एकानं सुचवलं. त्याला मोठ्या बाईंनी स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. शिक्षण हक्क कायद्यानं शाळेत येणाऱ्या पोराच्या पालकाकडून सक्तीनं काही घेता येत नाही, आणि गावात घरटी म्हणलं की ती सक्तीच होते, ज्याच्याकडं नाही तो मान खाली घालून उधार आणून देतो. दुसऱ्यानं लकी ड्रॉ सुचवला, पन्नास रुपयाचं कुपन आणि पहिलं बक्षीस सायकल. पैसे घेऊन सोडत काढली की ती लॉटरीच झाली, परवानगीशिवाय ती चालत नाही, आणि शाळेच्या आवारात तर नकोच, तेव्हा तेही बाजूला पडलं.

मग बाजाराचं निघालं. बालबाजार, आनंद मेळावा असलं आमच्याकडं सगळ्याच शाळा करतात, पोरं भाजी-खाऊ विकतात, पालक दहा-वीस रुपयाचं घेतात, दोन तासात संपतं, त्यातून शाळेला काही उरत नाही कारण तो पोरांना व्यवहार शिकवायलाच असतो. आम्हाला शिकवायचं पण होतं आणि पैसेही उभे करायचे होते. इथं बचत गटाच्या अध्यक्ष काकींनी जे सुचवलं त्यानं सगळं बदललं. त्या म्हणाल्या, लोकांना शाळेसाठी म्हणून काहीतरी घ्यायला लावू नका, त्यांना त्या आठवड्यात जे घ्यावंच लागतं तेच आपल्याकडं ठेवा. आणि जानेवारीत संक्रांतीच्या आधी प्रत्येक बाईला काय घ्यावं लागतं, तर भोगीची भाजी!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, भोगीला बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि सगळी मिसळून केलेली भाजी असते. वांगी, गाजर, ओला हरभरा, पावटा, घेवडा, बोरं, शेंगदाणे, तीळ, कुणी उसाचे तुकडे पण टाकतं. आता चार माणसांच्या घराला ह्यातलं प्रत्येक थोडंथोडंच लागतं आणि बाजारात पावकिलोच्या खाली कुणी देत नाही, त्यामुळं दहा ठिकाणी फिरायचं आणि निम्मं उरवायचं. आपण जर सगळं मिळून एका भाजीपुरता वाटा बांधून दिला तर? भोगी 13 तारखेला सोमवारी होती, आदला दिवस रविवार, म्हणजे चाकण-पुण्याची माणसं घरी. शिवाय 12 तारीख जिजाऊ जयंतीची, पोरांची भाषणं सकाळी होणारच होती. तारीख तिथंच पक्की झाली.

पैशाचे नियम आम्ही आधी ठरवले आणि ठरावात लिहिले, आणि माझ्या मते हेच सगळ्यात महत्त्वाचं काम होतं. गावात भांडणं बाजार उठल्यावर होतात, आणि ती न बोललेल्या गोष्टीवरून होतात. पोरांच्या स्वतःच्या दुकानावरनं बराच वाद झाला. काहींचं म्हणणं सगळा नफा शाळेला द्यावा. मोठ्या बाई ऐकेनात, म्हणाल्या, पोरानं कष्ट केले आणि हातात काहीच नाही आलं तर ते पुढच्या वेळी दुकान मांडणार नाही. शेवटी असं ठरलं की घरून आणलेलं भांडवल आधी घरी परत द्यायचं, उरलेल्या नफ्यातला निम्मा शाळेला आणि निम्मा त्या पोराचा. वाट्यांची भाजी शेतकऱ्यांनी देणगी म्हणून द्यायची, ते सगळे पैसे शाळेचे. जेवणाचं बचत गट बघणार, किराण्याचा खर्च वजा करून बाकी शाळेला. पोषण आहाराच्या तांदूळ-डाळीला कुणी हात लावायचा नाही हे वेगळं लिहून ठेवलं, कारण ते सरकारी धान्य आहे, त्याचा हिशोब महिन्याला जातो. आणि शिक्षकांनी रोख पैशाला हात लावायचा नाही. हा आग्रह माझा होता. उद्या कुणी काही बोललं तर बाई-सरांच्या नोकरीवर येतं, त्यापेक्षा दोन आया आणि गावातले एक रिटायर्ड फौजी आजोबा असे तिघं गल्ल्यावर बसले.

सुट्ट्या पैशाचा प्रश्न मोठा होता. पोरांच्या दुकानावर रोखच चालणार होती, कारण सुट्टे मोजून परत द्यायला शिकायचं हाच तर धडा. पण आजकाल लोकांच्या खिशात नोटाच नसतात, सगळं फोनवर. मग दारातच एक टेबल टाकलं, तिथं बचत गटाच्या खात्याचा क्यूआर, त्यावर पैसे टाकले की बदल्यात रोख नाहीतर दहा-दहाची कुपनं. कुपनं साध्या कार्डशीटची, शाळेचा शिक्का मारलेली, ती जेवणाला आणि खेळांना चालायची. आणि चिल्लर कुठून आली तर मंदिराच्या दानपेटीतून. विश्वस्तांनी पेटी उघडून नाणी मोजून दिली आणि आम्ही तेवढ्या नोटा त्यांना दिल्या, दोघांचंही काम झालं.

कामं वाटताना एक लक्षात आलं की मदत करा म्हणलं की कुणी येत नाही आणि तुमचं हे काम, ह्या वेळेला, असं सांगितलं की माणूस येतोच येतो. गणपती मंडळाच्या पोरांना मांडव आणि स्पीकर. ट्रॅक्टरवाल्या दोघांना शनिवारी मळ्यामळ्यातून भाजी गोळा करणं. आज्यांना सोलाणे, म्हणजे ओल्या हरभऱ्याचे दाणे, सोलायला. मुंबईच्या डबेवाल्या मंडळींना प्रत्यक्ष येता येणार नव्हतं, त्यांच्याकडं लिलावासाठी फोनवर बोली लावायचं काम. हो, लिलाव पण ठेवला होता, ते पुढं सांगते.

तिसरी-चौथीच्या पोरांनी आधीचा आठवडा कार्यानुभवाच्या तासाला कागदी पिशव्या केल्या, प्लास्टिक वापरायचंच नव्हतं. जुन्या पेपरचे दोन थर, गव्हाच्या पिठाची खळ, तळाला पुठ्ठ्याचा तुकडा. पहिल्या पिशव्या ओल्या भाजीनं फाटल्या तेव्हा पोरांनीच शोधून काढलं की गाजरं धुतली की पुसून भरायची.

शनिवारी दुपारी शाळेच्या व्हरांड्यात आम्ही वाटे बांधायला बसलो ते दृश्य मला कायम आठवेल. ताडपत्री अंथरलेली, तिच्यावर वांग्याचा ढीग, गाजराचा ढीग, पावट्याच्या शेंगा, हरभऱ्याचे डहाळे तसेच मातीसकट आलेले, आणि भिंतीला टेकून ओळीनं आज्या, मांडीवर ताट, घाटे फोडून सोलाणे काढतायत, मधूनच एखादा तोंडात टाकतायत. पिशवी हातोहात पुढं सरकायची, पहिलीनं तीन वांगी टाकायची, दुसरीनं दोन गाजरं, तिसरीनं मूठभर सोलाणे, मग पावटा, घेवडा, पाच-सहा बोरं, उसाचं एक कांडकं, आणि शेवटी माझ्याकडं तिळाची पुडी. एका आजीनं मध्येच थांबवलं, म्हणाली ह्यात शेंगदाणे कुठंयत, शेंगदाण्याबिगर भोगीची भाजी व्हती का. लगेच तिच्याच सुनेला घरी पाठवून पायलीभर शेंगा आणवल्या आणि बांधलेले वाटे परत उघडून त्यात टाकले. अंधार पडायच्या आत तिनशेच्या आसपास वाटे तयार झाले. अंधाराच्या आत उठायचं हे सगळ्यांना पक्कं माहीत होतं, जानेवारीत ऊसतोड चालू असते, फड मोकळे झाले की बिबट्या जास्त फिरतो, आमच्याकडं संध्याकाळी पोरांना एकटं सोडायची सोय राहिलेली नाही. बाजाराची वेळसुद्धा त्यामुळंच सकाळी दहा ते तीन ठेवली, आणि लांबच्या वस्तीवरच्या पोरांना घरी सोडायला दोन पिकअप सांगून ठेवल्या.

रविवारी आठलाच पोरं हजर. कुणाच्या टोपलीत मेथीच्या जुड्या, कुणाकडं लिंबं, उकडलेल्या शेंगा, ताक, तिळाच्या वड्या, एकानं आजोबांनी वळलेल्या, गुरं बांधायच्या दाव्या आणल्या होत्या आणि त्या सगळ्यात आधी संपल्या. पहिलीच्या पोरांजवळ चौथीचं एकेक पोरगं हिशोबनीस म्हणून दिलं होतं, वहीत तीन रकाने, भांडवल, विक्री, नफा. माझा मुलगा लिंबं घेऊन बसला होता, दहाला तीन. एक काका आले, म्हणाले पाच दे, किती झाले. तो गप्प. मी चार पावलांवर उभी होते, सांगावंसं वाटत होतं पण सरांनी डोळ्यानंच नको म्हणून खुणावलं. बोटं मोजली, लिंबाकडं बघितलं, आणि म्हणाला, काका तुम्ही सहाच घ्या, वीस रुपये होतात. काकांनी सहा घेतली. भागाकार अजून त्याला शिकवलेला नव्हता.

वाट्याची किंमत चाळीस रुपये ठेवली होती आणि बारा वाजायच्या आत सगळे वाटे गेले, शेजारच्या दोन गावातल्या बायका पण आल्या होत्या कारण व्हॉट्सॲपवर फोटो फिरला होता. ज्यांना मिळाले नाहीत त्यांनी पोरांकडची सुटी भाजी घेतली, त्यामुळं पोरांचाही धंदा झाला. जेवणाला पन्नास रुपये ताट, भाकरी, भोगीची भाजी, मुगाची खिचडी, ठेचा. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनी सगळी चूल सांभाळली, त्या दिवशी त्यांचा हात एक मिनिट मोकळा नव्हता आणि बाजाराचं श्रेय वाटायचं झालं तर माझ्या लेखी पहिलं नाव त्यांचं. ह्या ताईंना महिन्याला मिळणारं मानधन किती तुटपुंजं आहे ते सगळ्यांना माहीत आहे. त्या तरीही फुकट राबल्या, म्हणून समितीनं नंतर त्यांना साडी-चोळी केली, ती आपसात वर्गणी काढून, बाजाराच्या पैशातून नाही.

खेळ साधे होते, रिंग टाकणे, बादलीत चेंडू, डोळे बांधून मडकं फोडणे. त्यात फार पैसे आले नाहीत पण तरुण पोरं तिथंच रेंगाळली आणि मग जेवून गेली.

लिलाव दोनला सुरू केला. यात्रेत आमच्याकडं नारळाचा लिलाव होतोच, त्यामुळं लोकांना त्याची सवय आहे, हौस पण आहे. देणगीत आलेलं डांगर, गावरान कोंबडा, देवाचा नारळ, आणि मुद्दाम बाजूला ठेवलेला भोगीचा पहिला वाटा. बोली पुकारायला भजनी मंडळातले एक अण्णा, त्यांचा आवाज माइकशिवाय वेशीपर्यंत जातो. चाळीस रुपयाच्या त्या वाट्यासाठी गावातला एक जण आणि मुंबईहून फोनवर असलेले डबेवाले यांच्यात चढाओढ लागली आणि तो वाटा 3,100 रुपयाला मुंबईकडं गेला. घ्यायला तर कुणी येणार नव्हतं, मग त्यांनीच सांगितलं की तो पोषण आहाराच्या ताईंना द्या, उद्या भोगीला त्यांच्या घरी शिजू दे. सगळा मांडव टाळ्या वाजवत होता.

तीनला बाजार उठला आणि कुणालाही घरी न जाऊ देता तिथंच मोजणी केली. फौजी आजोबा नोटा मोजत होते, दोघी आया लिहीत होत्या आणि चौथीतली पोरगी प्रत्येक आकडा फळ्यावर मांडत होती. वाटे, जेवण खर्च वजा जाता, खेळ, लिलाव, पोरांच्या नफ्याचा निम्मा वाटा, अशी बेरीज 47,000 च्या थोडी वर गेली. फळा चार दिवस तसाच ठेवला, पुसला नाही, येणारा-जाणारा वाचत होता. सोमवारी समितीच्या खात्यात रक्कम भरली, बँकेच्या स्लिपची प्रत नोटीस बोर्डवर, देणगी दिलेल्या प्रत्येकाला पावती, भाजी दिलेल्या शेतकऱ्याला पण, त्यावर रकमेच्या जागी वांगी दोन क्रेट असं लिहून. ती पावती एका शेतकऱ्यानं घरात देव्हाऱ्याशेजारी लावलीय.

कोटेशनच्या मानानं निम्म्यालाच पोचलो होतो. पण फळ्याचा फोटो ग्रुपवर गेला आणि त्यानंतर जे फोन आले ते न मागता आले. पुण्यातले दोन माजी विद्यार्थी, मुंबईची मंडळी, ग्रामपंचायतीनं पॅनलच्या लोखंडी स्टँडचं काम करून दिलं. पहिल्या मीटिंगला ज्यांनी सरकारचं आपण का करायचं विचारलं होतं त्यांनी वायरिंगची मजुरी घेतली नाही, ते स्वतः वायरमन आहेत. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा स्लॅबच्या खोलीवर पॅनल बसलेलं होतं. आता दुपारी लाइट गेली तरी टीव्ही आणि पंखे चालतात.

तुमच्या गावात करायचं असेल तर दिवाळी झाली की लगेच मीटिंग लावा, डिसेंबरात बायका कांद्याच्या लागणीत अडकतात, मग कुणी भेटत नाही. पैशाचे नियम आधी लिहा. आणि भाजी शनिवारीच तोडायला सांगा, शुक्रवारची घेवड्याची शेंग रविवारी मऊ पडते. सुगडं आणि वाणाचं सामान आम्ही ठेवलं नव्हतं, पण बायका दिवसभर विचारत होत्या, तेव्हा कुंभारदादांशी बोलून तेही ठेवता आलं तर बघा. आमच्या समितीच्या यादीत आता मुलींच्या स्वच्छतागृहासाठी पाण्याची टाकी आहे, त्याचा ठराव झालेला आहे, कोटेशन मागवलेलं आहे.